हवालदाराची जादा मात्रा

१९६१ साली भिलाईत वसुंधराबाई रविवारी सेक्टरमधल्या आपल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात मराठीचा वर्ग घेत. नवरा कारखान्यात क्लार्क. बाई नागपूरच्या, व्याकरणाच्या पक्क्या. मुलं घराबाहेर पडली की हिंदीच बोलतात, याचा त्यांना भारी वैताग.

गणपतीत मुलांनी म्हणायला एक गमतीची कविता हवी होती. ती आणली केवलरामनं. साकोलीकडचा हा गडी क्रेनला लोखंड बांधायच्या कामावर होता.

बकरी आली गेटावर,
पास विचारे हवालदार,
पास खाल्ला कचाकच,
बॅं बॅं बॅं, बॅं बॅं बॅं!

बाईंनी पेन्सिल घेतली. पहिली ओळ चौदा मात्रांची, दुसरी पंधरा, उरलेल्या दोन्ही बारा. ‘वर’ला ‘दार’ हे यमक? आणि एकच अक्षर सहा वेळा? त्यांनी चिडून नवीन कविता लिहिली: ‘अजा पातली द्वारावरती, रक्षक पुसतो परवाना.’ सोळा आणि चौदा, चोख.

तालमीला मुलं नुसती बघत राहिली. एक मुलगी म्हणाली, “बाई, अजा कौन है?”

“बकरी गं, बकरी!” बाई ओरडल्या. मग तालमीला आलेल्या केवलरामकडे वळल्या, “तुमची तरी कुठे धड आहे? मात्रा मोजल्यात का?”

“कावून रागावून राहिल्या, बाई? मले मोजता नाही येत. म्हणून दाखवतो.”

तो उभा राहिला. ‘हवालदार’ त्याच्या तोंडी ‘हवाल्दार’ झाला, जादा मात्रा गिळली गेली. ‘कचाकच’नंतर त्यानं दोनदा पाय आपटला. सहा बॅंनंतर तो थांबला, तेवढ्यात मुलं खदखदली आणि बरोबर तालावर त्यानं पुन्हा पहिली ओळ धरली. बाईंची बोटं आपोआप मोजत होती. चौदा. चारही वेळा चौदा.

“एक बॅं कमी करून बघा,” त्या हट्टानं म्हणाल्या.

त्यानं केला. ताल लंगडला, मुलं अडखळली.

“राहू द्या सहाच,” बाई फणकारल्या. “पण यमक चुकलंच आहे!”

“हो जी,” केवलराम म्हणाला.

मांडवात ती कविता लोकांनी तीनदा म्हणायला लावली. बाई घुश्श्यातच घरी आल्या. पण पुढच्या रविवारी त्यांनी मात्रा मोजायला पेन्सिल उचलली नाही. नवी कविता आधी मुलांकडून मोठ्यानं म्हणून घेतली.