नारूचा दोरा आणि जीनवरची जागा

मावशीने काडी चिमटीत धरली होती आणि मी तिचं मनगट.

"सोड. ओढून टाकते एकदाचा."

"तुटला तर पाय सडेल, मावशी."

"सडू दे. सकाळी भोंग्याला मला गिरणीत उभं राह्यचंय."

मावशी आमची शेजारीण. मस्तगडाखालच्या एका जिनिंग गिरणीत ती जीनवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालायची. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या घोट्याजवळ नारू निघाला. पांढऱ्या दोऱ्यासारखा तो किडा रोज थोडाथोडा काडीवर गुंडाळायचा असतो. घाई करून चालत नाही.

गिरणीला मात्र घाई होती. आजारपणाची रुखसत, म्हणजे रजा, कचेरीतल्या बाबूंना मिळे, मजुराला नाही. मजुराने बदली द्यायची, आपल्या जागी घरातलं माणूस उभं करायचं. बदली उभी आहे तोवर जागा आपली. जीन एक दिवस रिकामं राहिलं की जागा गेली. मावशीच्या जागी तिची जाऊ उभी राहत होती. तिचे दिवस भरत आले होते, आणि त्या दिवशी ती जीनपुढेच चक्कर येऊन पडली. मुकादमाचा निरोप आला, उद्या स्वतः ये, नाहीतर येऊच नको.

"आपण म्यानेजरकडे जाऊ," मी म्हणालो. मी पत्रकं वाचत, वाटत वाढलेला. नारूवरचं एक पत्रक मला तोंडपाठ होतं, आणि नारू पाण्यातून पसरतो, या त्यातल्या एका ओळीवर माझा सगळा भरवसा होता.

सकाळी मावशी माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत आली. फाटकाबाहेर कुंभार पिंपळगावकडच्या कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. म्यानेजरच्या दारातच मुकादम उभा होता.

"बीमार आहे तर घरी बसावं," म्यानेजर शांतपणे म्हणाला. "मी कुठं हाकललंय? पण जागा कुणासाठी थांबत नाही."

"हा नारू तिला तुमच्या बारवेतून झालाय," मी म्हणालो. "बाया पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहतात. पाय बुडाला की किडा पाण्यात पिल्लं सोडतो, आणि तेच पाणी सगळे पितात. आज हिला उभी कराल तर ही पाण्याला त्याच बारवेत उतरेल, आणि पुढच्या वर्षी निम्मी गिरणी लंगडेल."

म्यानेजरने थोडा विचार केला.

"बराबर बोललास. मुकादम, उद्यापासून फाटकात पाय तपासायचे. दोरा दिसला की बाहेर. बिलकुल आत घ्यायचं नाही."

मावशीची नखं माझ्या खांद्यात रुतली. मी रजा मागायला आलो होतो आणि हकालपट्टी मिळवली होती, तिचीच नव्हे, आणखी कितीजणींची.

 मुकादमाने डावा पाय हळूच उजव्याच्या मागे घेतला. त्या पायाला तो बरेच दिवस पट्टी बांधत होता, लचकला म्हणून सांगत होता. त्याची टाच जमिनीला टेकत नव्हती. असं उभं राहणं मी रोज मावशीच्या दारात बघत होतो.

"मग आधी मुकादमाची पट्टी सोडा," मी म्हणालो.

"गप बस," मावशी पुटपुटली.

"सोड," म्यानेजर म्हणाला.

मुकादमाने पट्टी उलगडली. आत आगपेटीची काडी होती, आणि तिच्यावर पांढरा दोरा.

"लचकला म्हणाला होतास."

"लचकलाच व्हता, साहेब. मंग हे निघालं."

बाहेर गाडीवाले ओरडत होते. मुकादमाशिवाय जीनं चालणार नव्हती, हे म्यानेजरला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"दोघांनाही ठेवा, नाहीतर दोघांनाही काढा," मी म्हणालो. मुकादमाने माझ्याकडे रोखून पाहिलं.

मग मावशी बोलली. "साहेब, बसून हुईल असं काम द्या. डागी कापूस येचते. बारवेत पाय घालणार न्हाई, पाणी दुसरी कुणी देईल. दोरा निघला की माझी जागा मला द्या."

"अर्धी मजुरी," म्यानेजर म्हणाला. "मुकादम, तूही तिथंच बसून गिरणी बघ."

"अर्धी का?" मी विचारलं. मावशीने मला जोरात चिमटा काढला.

फाटकाशी ती थांबली. "चारचौघांत उघडं पाडलंस त्याला. त्याच्या हाताखाली तू न्हाई, मला राह्यचंय."

"तो तुला काढणारच होता ना?"

"व्हता. आता मनात धरून काढील."

डागी कापसाच्या ढिगाच्या या बाजूला मावशी आणि त्या बाजूला मुकादम बसू लागला.

"काय लीडरबाई, किती निघाला?"

"तुमच्याहून जास्तीच."

पण त्याचाच आधी निघाला. तो उठून हिंडू लागला. मावशीच्या जीनवर त्याने चपळ हाताची एक नवी बाई उभी केली होती. मावशी संध्याकाळी येऊन काडी बघायची, पण आता ओढायची नाही. ओढण्यापेक्षा थांबणं तिला जड जात होतं, हे तिच्या जबड्यावरून कळायचं.

शेवटी दोरा सबंध निघाला. तिने तो चुलीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी भोंग्याआधीच फाटकात गेली. मीही गेलो. जागा नाकारली तर वाटायला लिहिलेलं पत्रक खिशात होतं.

मुकादमाने तिच्या पायाकडे पाहिलं.

"टाच टेक."

तिने टेकली.

"दाबून."

तिने दाबली. त्याने आत वळून नव्या बाईला हाक मारली, "ए, तू तिकडच्या जीनवर जा." मग मावशीला म्हणाला, "बघतीस काय? जल्दी!"

ती आत गेली. मी निघालो, तर त्याने माझ्या खिशाकडे बोट केलं.

"काय लिवलंय? वाच."

पहिल्या चार ओळींत त्यालाच झोडपलं होतं. मी आवाज न चोरता वाचल्या. पुढे बारवेवर रहाट आणि बादली बसवा, बायांना पाण्यात उतरवू नका, अशी मागणी होती. तीही वाचली.

त्याने पट्टीची जागा खाजवली.

"माझं तेवढं खोडून टाक," तो म्हणाला. "बारवेचं ऱ्हाऊ दे."