सगळेच मुलाकडचे

नीलव्वा सकाळी फाटकाशी येऊन उभी राहिली, की आपण समजावं, आज कोणीतरी आपला अपमान केलेला आहे. ती आत यायची नाही. कडीवर हात ठेवून "ऊटा आतेन्री?" असं विचारायची. जेवण झालं का, हे ती सकाळी दूधवाल्याच्याही आधी विचारू शकत असे. मग आवाज खाली आणायची. "जाऊ द्या. तुमाला सांगनार नव्हते. पन मागच्या गल्लीतली मान्सं लई बोलायलीत. म्हन्तात, सेक्रेटरीच्या घरात नुसता पेपर वाचतेत, झाडाला तांब्याभर पानी न्हाय." एवढं बोलून ती निघून जायची आणि मी अर्धी दाढी तशीच ठेवून बादली उचलायचो.

सेक्रेटरी म्हणजे वसाहतीच्या बाग समितीचा. माझी निवड झाली तेव्हा मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो. आमची वसाहत अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडे. पुढच्या गल्लीत आम्ही नोकरदार आणि पेन्शनर, मागच्या गल्लीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसं, आणि दोन्हींच्या मधोमध एक मोकळी जागा. तिला सगळे ओपन स्पेस म्हणत. वसाहतीच्या नकाशात ती हिरवीगार रंगवलेली होती. प्रत्यक्षात तिथे वेडी बाभूळ, डबर, एक फुटका कमोड आणि दोन्ही गल्ल्यांनी रात्रीच्या जेवणावळीनंतर टाकलेल्या पत्रावळ्या असत. कचरा पलीकडची गल्ली टाकते, यावर दोन्ही गल्ल्यांचं एकमत होतं.

नीलव्वाचं घर दोन्ही गल्ल्या जिथे मिळतात त्या टोकाला. त्यामुळे ती दोन्हीकडची होती आणि कोणाचीच नव्हती. मूळची मैंदर्गीची. ठेंगणी, सावळी, कपाळावर विभूतीची बोटं, इरकल नेसलेली. कानडीत अव्वा म्हणजे आई, तेव्हा तिला अहो-जाहो करायचा प्रश्न कोणालाच पडला नाही. तिचे यजमान अप्पा चादरीच्या कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर कापसाचं तूस खाऊन त्यांची छाती अशी झाली होती, की ते पायरी चढले तरी शेजारच्या घरात ऐकू यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज मोकळ्या हवेत चाला. अप्पा आज्ञाधारक माणूस. ते रोज रस्त्याच्या कडेने ट्रकच्या धुरातून चालून येत आणि गेले त्यापेक्षा जास्त धापा टाकत परतत. नीलव्वाला बाग हवी होती ती यासाठी. पर्यावरण वगैरे शब्द तिने कधी उच्चारले नाहीत. "ह्यास्नी चार पावलं सावलीत चालाय पायजे," एवढंच तिचं म्हणणं होतं.

ती जागा मिळवणं मात्र सोपं नव्हतं. तिथे बहुउद्देशीय सभागृह बांधायचं घाटत होतं. आमच्याकडे बहुउद्देशीय म्हणजे लग्न, मुंज, बारसं आणि तेरावं. समितीने अर्ज-विनंत्या केल्यावर नगरसेवकांचा माणूस येऊन सांगून गेला, "झाडं लावा. उन्हाळाभर जगवून दाखवा. जगली तर कंपाउंड, चालायचा ट्रॅक, बाकडी सगळं देतो. मेली तर हॉल."

आम्ही श्रमदान केलं. एका रोपाला सहा-सहा हात लावून फोटो काढले, पोहे खाल्ले आणि घरी गेलो. पुढे सोलापूरचं ऊन जाणे आणि रोपं जाणे. नळाला पाणी यायचं चार-पाच दिवसांनी, त्यातलं झाडाला कोण घालणार? शिवरात्र उलटेपर्यंत बरीच रोपं काटक्या होऊन गेली. मधोमध शेजारी-शेजारी लावलेले पिंपळ आणि लिंब, म्हणजे कडुलिंब, तेवढे तग धरून होते, आणि कडेची काही रोपं मरू की जगू करत होती. तीही जगली ती नीलव्वाच्या निरोपांवर.

या निरोपांचं गुपित मला योगायोगाने कळलं. एकदा मागच्या गल्लीतल्या नरसय्या अण्णांना मी रस्त्यात गाठलं. हे टॉवेल कारखान्यातले जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, आणि मागच्या गल्लीचे अनभिषिक्त पुढारी. मी जरा ताठ्यानेच म्हणालो, "अण्णा, मी पेपर वाचतो ते तुम्हाला खुपतं का?"

"मी कधी म्हनलो?" अण्णा चकित झाले. "उलट तुमीच म्हनला म्हने, मागच्या गल्लीवाल्यांना झाड काय कळतंय, त्येंना मागच कळतो. तवापासून मी रोज दोन कळश्या घालतोय!"

आम्ही दोघे तसेच तिच्या दारात गेलो. नीलव्वा ज्वारी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "खोटं कुटं बोलले? तुमी दोगं मनात म्हनतच हुता की. मी नुसतं तोंड दिलं." आणि मग अण्णांना म्हणाली, "दोन कळश्या घालतोय म्हनं. एकच तर दिसती मला." अण्णा मुकाट्याने घरी गेले. आम्ही दोघांनी ते गुपित फोडलं नाही, कारण ते फुटलं असतं तर पाणी बंद पडलं असतं हे आम्हालाही दिसत होतं.

चैत्र लागला आणि निरोपांचा जोर कमी पडू लागला. ऊन असं, की अपमान झाला तरी माणूस घराबाहेर पडेना. तेव्हा समितीच्या बैठकीत नीलव्वा उठली आणि म्हणाली, "अरळी-बेवूचं लगीन लावू या." अरळी म्हणजे पिंपळ, बेवू म्हणजे लिंब. पिंपळ नवरा, लिंब नवरी. तिच्या माहेराकडे अशी लग्नं लावतात.

पुढच्या गल्लीतले निंबाळकर सर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, ताडकन उभे राहिले. "ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. या व्यासपीठावरून मी तिचा निषेध करतो." व्यासपीठ म्हणजे माझ्या घरचा दिवाण.

"जेवन काय ठेवनार?" अण्णांनी विचारलं.

"हुग्गी," नीलव्वा म्हणाली. गव्हाच्या खिरीचं नाव निघताच ठराव मंजूर झाला. सरांनी निषेध कायम ठेवून हुग्गीला पाठिंबा दिला.

त्यानंतर चार दिवस नीलव्वा घरोघर हिंडली. माझ्या फाटकाशी येऊन म्हणाली, "पुडची गल्ली वरपक्ष बरं का. मान तुमचाच. सरांना सांगा, फेटा बांधून या." सर निषेध विसरून फेट्याच्या शोधाला लागले. आमच्या बायकांनी पैठण्या काढल्या. वरपक्ष म्हटल्यावर काम काहीच नव्हतं. फक्त ताठ मानेने जायचं आणि पाय धुऊन घ्यायचे.

लग्नाच्या दिवशी सकाळी आमची वरात निघाली. पुढे फेटा बांधलेले सर, त्यांच्या मागे कुकरच्या आकाराचा स्पीकर घेतलेला मी. ओपन स्पेसच्या तोंडाशी पोहोचलो आणि समोरून हलगीचा आवाज आला. मागच्या गल्लीतून दुसरी वरात येत होती. पुढे नरसय्या अण्णा, अंगावर रेशमी उपरणं आणि डोक्यावर सरांच्यापेक्षा दीड हात जास्त लांबीचा फेटा.

दोन्ही वराती झाडांच्या दोन बाजूंना येऊन थांबल्या. सर वाट पाहत राहिले. अण्णाही वाट पाहत राहिले.

"या," सर शेवटी म्हणाले. "पाय धुवायला घ्या."

"कुनाचं?" अण्णा म्हणाले. "तुमी मुलीकडचे. तुमीच घ्या की पानी."

"आम्ही मुलीकडचे? अहो, आम्ही वरपक्ष!"

"व्हय का? मग आमी काय बँडवाले हाय?"

हलगी थांबली. स्पीकर मी बंद केला. दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींच्या साड्यांकडे पाहिलं आणि ओठ मुडपले. मान सोडायला कोणी तयार नव्हतं. मुलीकडचं व्हायचं म्हणजे वाकायचं, राबायचं आणि वर ऐकून घ्यायचं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. उन्हात फेटे भिजायला लागले. हुग्गीचा वास सुटला होता तरी कोणी हलेना.

तेवढ्यात नीलव्वाचं दार उघडलं. ती नवं इरकल नेसून आली होती. हातात परात. मागे अप्पा, धुवट धोतरात, दोन्ही हातांनी पाण्याची घागर सांभाळत, मधेच थांबून श्वास घेत.

"भांडू नगा," नीलव्वा म्हणाली. "तुमी सगळीच मुलाकडची. मुलीकडचे आमी दोगंच." तिने परात सरांच्या पायाशी ठेवली. "आमाला पोरबाळ न्हाय, तुमाला ठावं हाय की. कन्यादान राहिलं हुतं आमचं."

सरांनी पाय मागे घेतला. ती वयाने त्यांच्याहून मोठी होती. तिने तो घोट्याला धरून परातीत ओढला. अप्पा पाणी ओतत होते, आणि त्या शांततेत त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. सरांचे झाल्यावर ती अण्णांकडे वळली. अण्णा म्हणाले, "अव्वा, राहू दे, मी धुतो तुमचं." "गप उभा ऱ्हा. नवऱ्याकडचा हायस," ती म्हणाली. अण्णांनी उपरण्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मला मात्र सगळं अंधुक दिसत होतं, आणि त्याचा दोष मी उन्हाला दिला नाही.

मंगलाष्टकं कोण म्हणणार, असा प्रश्न आला तेव्हा निषेध करणारे सर पुढे झाले आणि अशा खड्या आवाजात सुरू झाले, की रस्त्यावरचे सायकलवाले उतरून आत आले. अक्षता पडल्या. हुग्गी वाढायला दोन्ही वरपक्ष वाकले. जेवणं झाल्यावर नीलव्वा पदर सावरून सगळ्यांसमोर उभी राहिली. "पोरगी दिली तुमच्या घरात. आता उन्हाळा हाय. सून तहानली तर नाव कुनाचं जाईल, बगा तुमीच."

त्या दिवसापासून जे सुरू झालं त्याला पाणी घालणं म्हणता येणार नाही. ती सासरची चढाओढ होती. पुढच्या गल्लीतून फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादल्या भरभरून निघालं. मागच्या गल्लीतली माणसं पाळी सुटली की कारखान्याच्या बोअरचं पाणी सायकलला कॅन लटकावून आणू लागली. कोणी लिंबाला खण बांधला, कोणी हिरव्या बांगड्या अडकवल्या. कडेच्या रोपांकडे दुर्लक्ष होतंय असं दिसताच नीलव्वा फाटकाफाटकाशी जाऊन आली. "सुनेला पानी आन करवल्या तहानलेल्या? कसली हो ही मान्सं, असं म्हनायलेत." करवल्यांनाही पाणी सुरू झालं. एका आठवड्यात दोन्ही गल्ल्यांनी इतकं घातलं की आळ्यात चिखल झाला आणि नीलव्वालाच सांगावं लागलं, "जरा दमानं. सर्दी हुईल पोरीला."

पाऊस पडला तेव्हा उरलेली सगळी झाडं उभी होती. नगरसेवकांचा माणूस शब्दाला जागला. तो इंजिनिअर आणि टेप घेऊन आला. मापं घेता घेता इंजिनिअर लिंबाशी थांबला. "हे एक काढावं लागेल. ट्रॅकच्या लाइनीत येतंय."

नीलव्वा समोरच बसली होती. तिला बोलावंच लागलं नाही.

"काढावं लागेल?" सर कडाडले. मुख्याध्यापकाचा आवाज होता तो. "साहेब, सून आहे ती आमची!"

"ट्रॅक वाकवा," नरसय्या अण्णा म्हणाले आणि झाडाला टेकून उभे राहिले. बघता बघता दोन्ही गल्ल्या झाडाभोवती गोळा झाल्या. इंजिनिअरने आमच्याकडे पाहिलं, खण आणि बांगड्यांकडे पाहिलं, आणि टेप गुंडाळली. ट्रॅक वाकला. आज बाहेरचा माणूस विचारतो, इथे हे वळण कशाला, आणि आम्ही त्याला बसवून सगळं सांगतो.

त्या ट्रॅकवर अप्पा चालले. खूप नाही, पण चालले. सकाळी दोघं निघायची. अप्पा वळणापर्यंत जाऊन लिंबाला हात लावून थांबायचे आणि नीलव्वा त्यांना म्हणायची, "बसा. पोरीपाशी बसा." पावसाळे दोन झाले आणि एका थंडीत अप्पा गेले. शेवटची दीड-दोन वर्षं तरी त्यांनी ट्रकचा धूर खाल्ला नाही, एवढं मी नक्की सांगू शकतो.

एकटीने राहायचं तिच्याने होईना. मैंदर्गीचा भाचा गाडी घेऊन न्यायला आला. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक बोचकं. तिने घराला कुलूप लावलं, सरळ बागेत आली, लिंबाच्या बुंध्यावरून हात फिरवला आणि आमच्याकडे वळून हात जोडले. दोन्ही गल्ल्या उभ्या होत्या.

"पोर लहान हाय," ती म्हणाली. "चुकलंमाकलं पदरात घ्या."

मी पुष्कळ पाठवण्या पाहिल्या आहेत. मुलगी गाडीत बसते आणि आई दारात उभी राहते. इथे आई गाडीत बसत होती. शेवटी सर गाडीच्या खिडकीशी गेले, आणि भाषणाची सगळी सवय विसरून बारीक आवाजात म्हणाले, "विहीणबाई, काळजी करू नका. आमच्या घरी सुखात राहील ती."

नीलव्वाने डोळे पुसले. "सुकाचं बगा तुमी," ती म्हणाली. "पानी मातर येळेवर घाला."

गाडी रस्त्याला लागली. ती मागच्या काचेतून वळून पाहत होती. आमच्यातलं कोणीच घरी गेलं नाही. मुलीकडची माणसं निरोप घेऊन निघाली, की सासरची चार माणसं नव्या सुनेजवळ थांबतात, तिला एकटं वाटू नये म्हणून. तसे आम्ही सगळे त्या लिंबापाशी थांबलो.