मैदानावर हाक मारायचं नाव

आमच्या मुलींच्या शाळेत खो-खो सुरू झाला, तेव्हा सगळ्यात मोठी अडचण निघाली ती नावांची. मैदानाची भिंत जेमतेम छातीएवढी, आणि गिरणी सुटली की तिच्यावर कोपरं टेकून निम्मं सोलापूर उभं राही. ड्रिलच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "घरंदाज पोरींची नावं अशी चव्हाट्यावर ओरडायची नाहीत. उद्या कुणाचे वडील तक्रार घेऊन आले, तर खेळ बंद!" आता तोंड मिटून खो-खो खेळायचा कसा, ते त्यांनी सांगितलं नाही.

तोड आम्हीच काढली. वर्गात चार भाषा नांदत होत्या. विणकरांच्या मुली घरी तेलुगू बोलत, अक्कलकोटकडच्या कानडी, पेठेतल्या मुसलमानांच्या मुली दखनी, आणि बाकीच्या आम्ही मराठी. ठरलं असं की प्रत्येकीनं मैदानापुरतं एक नाव घ्यायचं, पण आपल्या भाषेतलं नाही. दुसऱ्या भाषेच्या मैत्रिणीनं आपला खेळ बघायचा आणि तिच्या भाषेतलं नाव ठेवायचं. अर्थ तिनं सांगितल्यावरच कळणार. नाव आवडलं नाही म्हणून बदलून मागायचं नाही.

मग काय धमाल उडाली! आमच्यात एक धिप्पाड कानडी मुलगी होती, खो-खोच्या रांगेत बसली की दोघींची जागा अडवायची. तिला दखनी बोलणारीनं नाव दिलं, "तितली बोलो इसकू!" तितली म्हणजे फुलपाखरू, हे कळल्यावर ती बिचारी दिवसभर लाजत होती, आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवसापासून खरंच हलकी पळायला लागली. तिनं माझ्या जिवलग मैत्रिणीला, तेलुगू विणकराच्या मुलीला, नाव दिलं गुब्बी. कानडीत गुब्बी म्हणजे चिमणी. शोभलंच ते तिला, कारण तिची टकळी कधी थांबत नसे.

माझं नाव गुब्बीनं ठेवलं. मी खांबाशी पोचले, की एका हातानं तो धरून अशी गर्रकन वळायची की मागची पोरगी सरळ पुढं निघून जायची. दोन दिवस तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "उडुता." हातमाग चालायचा त्या त्यांच्या अंगणात एक कडुनिंब होता, त्याच्यावर वरखाली पळणाऱ्या खारीला तिची आई उडुता म्हणायची. मला ते नाव इतकं आवडलं म्हणून सांगू! घरचं नाव गेलेल्या आजीचं, तेच चुलत बहिणीचं, तेच आत्याच्या लेकीचंही. हाक मारली की तिघी ओ देत. उडुता मात्र मी एकटीच होते आणि ते मी पळून मिळवलं होतं. मला त्याचा गर्व होता, चांगला सणसणीत गर्व!

दुसऱ्या शाळेशी सामना झाला त्या दिवशी तर भिंतीवरचे गिरणीवालेसुद्धा ओरडत होते, "पळ उडुता, पळ की गं!" आम्ही जिंकलो. मी धुळीनं माखलेला काष्टा सोडत घरी आले, तर ओसरीवर पाहुणे बसलेले. माझं लग्न ठरत होतं.

मुलगा गावातलाच, चांगला होता; माझी ना नव्हती. पण त्या काळी लग्नात मुलीचं नाव बदलायचेच. घरचं नाव गेलं तरी मला फारसं वाटणार नव्हतं, पण सासरी उडुता म्हणून हाक कोण मारणार? आईला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "खारीचं नाव घेऊन का संसार करायचाय? खेळ संपला आता, शहाणी हो." मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले. नवऱ्याकडे जायचं दुःख नव्हतं ते. खांबाला वळसा घालणारी ती पोरगी मरणार, याचं होतं.

पाठराखीण म्हणून मी हट्टानं गुब्बीला नेलं. आमच्या काकूंनी नाकं मुरडली, मुरडू दे. सासरी तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, सासऱ्यांनी ठरवलेलं, देवीचं. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ला.

मग सुपारीचा खेळ निघाला. नवरीनं मुठीत सुपारी धरायची आणि नवऱ्यानं एका हातानं ती सोडवायची. नवऱ्याची आत्या माझ्या कानाशी लागली, "मूठ ढिली धर गं. पुरुषाला हरवू नये." बरं म्हटलं. बोटं सैल सोडली. त्यानं एक बोट उघडलं, दुसरं उघडलं, आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून गुब्बी ओरडली, "उडुता!"

झालं! माझी मूठ अशी मिटली म्हणता! नवरा घामाघूम झाला, हसता हसता "सोड की आता" असं पुटपुटला, पण मी कुठली सोडते! शेवटी त्यानं हात जोडले. पोरंसोरं टाळ्या पिटायला लागली आणि एकदम सासूबाईंचा आवाज आला, "काय म्हनाली गं ती पोरगी?"

मी खाली मान घातली. आता आपलं काही खरं नाही, असं वाटलं. गुब्बी मात्र भ्याली नाही. तिनं सगळं सांगितलं, भिंत, गिरणीवाले, नावं आणि त्यांचे अर्थ. सासूबाई ऐकत राहिल्या. मग त्या आत्याबाईंकडे बघून म्हणाल्या, "मला म्हायेरी पोरी बुगुरी म्हनायच्या. कानडीत भवऱ्याला म्हनत्यात. फुगडीत माझ्या हाताला कुनी टिकत न्हवतं. ह्या घरात आले आन् कुनी इचारलंच न्हाई, आदी तुला काय म्हनत व्हते म्हनून." एवढं बोलून त्या उठल्या आणि पानं वाढायला गेल्या.

त्या दिवसापासून चारचौघांत मी देवीच्या नावाची, पण स्वयंपाकघरात सासूबाई हळूच म्हणायच्या, "उडुता, भाकरी बघ गं." दर वेळी मला मैदान आठवायचं. मला मात्र त्यांचं नाव घेता येत नव्हतं. सुनेनं सासूला नावानं हाक मारायची म्हणजे आभाळच कोसळायचं!

नागपंचमीला आळीतल्या बायका आमच्या अंगणात फुगडीला जमल्या. सासूबाई कट्ट्यावर बसून नुसत्या बघत होत्या. मी जाऊन दोन्ही हात पुढं केले. "वय झालं गं माझं," म्हणत त्या उठल्या, पदर खोचला, आणि बायांनो, काय सांगू! दोन गिरक्यांत मला धाप लागली, पण त्यांचे पाय भुईला लागतच नव्हते. डोळ्यांपुढं घर, तुळस, बायका सगळं फिरत होतं. मला भान राहिलं नाही. बेंबीच्या देठापासून ओरडले, "बुगुरी! बुगुरी!"

टाळ्या थांबल्या. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मी घाबरून हात सोडायला गेले, तर सासूबाईंनी ते आणखी घट्ट धरले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"म्हन की परत," त्या म्हणाल्या, "जोरात म्हन."