काप कोणी घेतले?

आबा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये पलटणीचे संडास साफ करायचे. मेसमधलं उरलेलं अन्न एकाच डब्यात घरी यायचं. आमटीतच खीर ओतलेली. आई चमच्याने वरची खीर काढून आम्हा भावंडांना चाटवायची. त्या अन्नावर मी एम.एस्सी. झाले. माझ्याआधी घरात कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं.

विद्यापीठात पीएच.डी.ला मार्गदर्शक मराठी मिळाले. दोन पिढ्या कलकत्त्यात राहिलेलं ब्राह्मण घर. आई म्हणाली, "आपलं माणूस भेटलं गं." मलाही तसंच वाटलं.

तीन वर्षं राबले. सियालदहच्या बाजारातून जिवंत मागूर मासे आणायचे. त्यांचं यकृत मेणात बसवायचं, पारदर्शक होतील इतके पातळ काप घ्यायचे. ते नक्षलवादी चळवळीचे दिवस. बाहेर बॉम्ब फुटायचे, ट्रामगाड्या जळायच्या. मी आत कापत बसायचे.

सेमिनारच्या दिवशी सर व्यासपीठावर. मी मागे अंधारात, स्लाइड सरकवायला. आमच्या विभागाची रीतच तशी. काम विद्यार्थ्याने करायचं, वाचायचं गुरूने.

एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "हे काप कोणी घेतले? फार सुरेख आहेत."

सर इंग्रजीत म्हणाले, "ती कामं प्रयोगशाळेतली माणसं करतात."

मी उभी राहिले. "सर, मी घेतले."

सर हसले. मराठीत, अगदी घरातल्यासारखं म्हणाले, "बस गं खाली. बाप मैला उपसतो, आणि तू सभेत मिरवणार होय?"

सभागृहात मराठी कळणारे आम्ही दोघंच. सरांचं हसू बघून बाकीचेही हसले.

आई ज्या भाषेत भरवायची, त्याच भाषेत हे. आणि साक्षीदार कोणी नाही. त्यांनी नेमकं तेच हेरलं होतं.

मग मी बोलले. रस्त्यावर शिकलेल्या बंगालीत. "सर काय म्हणाले ते तुम्हाला कळलं नाही. मी सांगते." शब्दन् शब्द सांगितला.

त्या बाई मान खाली घालून बसल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "दीदी, पुढची स्लाइड लावा ना."

लावली नाही. बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेला नवं कुलूप. मागूरवरचा शोधनिबंध सरांच्या एकट्याच्या नावाने छापून आला. मी कुलगुरूंपर्यंत गेले. तिथे विचारलं, "पुरावा काय?" आबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आई म्हणाली, "पाया पड गं सरांच्या. वर्षं वाया जातील."

पाया पडले नाही. वर्षं वाया गेली.

दुसरीकडे शिकवायला लागले. वेगळा विषय घेऊन पहिल्यापासून सगळं केलं, डॉक्टरेट मिळवली. पुढे विद्यापीठाने नव्या अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा विभाग माझ्या हाती दिला. पहिलंच काम, तिथल्या सेमिनारांतली गुरूने वाचायची ती रीत मोडली. ज्याने प्रयोग केला, तोच उभा राहून बोलेल. ज्येष्ठ प्राध्यापक कुरकुरले, "बाईंचा हा जुना राग आहे."

आहेच. मागूरच्या कामावर आजही माझं नाव नाही, आणि ते कधी लागणारही नाही. पण माझ्या विभागात त्यानंतर एकाही विद्यार्थ्याचं काम दुसऱ्याच्या तोंडून वाचलं गेलं नाही. मी या खुर्चीत आहे तोवर जाणारही नाही.