चेसिसवरची चार बोटं

माझं निम्मं आयुष्य गाडीखाली उताणं पडून गेलंय. तिथं वरून पडतो तो चिखल, गंज, नाहीतर ऑइल... भूत काही पडत नाही, असं मी लोकांना हसून सांगायचो. आता मात्र कुणी भुताचा विषय काढला की मी उठून जातो. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, तुमसरची. माझ्याकडे एक जुनी डिझेल पिकअप होती. आसपासच्या तलावांतली मासळी बर्फात घालून तुमसर रोड स्टेशनवर पोचवायचो. बर्फात मीठ टाकलेलं असायचं. ते खारं पाणी मागच्या हौद्याच्या फळ्यांतून खाली गळायचं आणि लोखंड खायचं. म्हणून दर उन्हाळ्यात गाडीचं बुड धुवायचं, तारेच्या ब्रशनं घासायचं, गंज थांबवणारा रेड ऑक्साइड मारायचा आणि वरून जळकं ऑइल फासायचं — हे सगळं मी स्वतः करायचो. शेवटची दोन वर्षं मात्र कंटाळा केला. कंबर धरायची, आणि मला ही लाइनच सोडायची होती.

मे महिन्यात गिऱ्हाईक मिळालं. आंबागडचा केवळराम. त्याला भाजीपाला वाहायला गाडी हवी होती. तो न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी खाली शिरलो आणि मागच्या डाव्या चाकाजवळ चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला. मुठीपर्यंत आत गेला! भार पडला की गाडी तिथंच मोडणार, हे मला कळत होतं. तरी मी काय केलं? भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि सगळ्या बुडाला जाड काळा डांबरी रंग मारून टाकला. खोटं कशाला सांगू...

सकाळी पाहिलं तर बाकीचा रंग छान सुकलेला. त्या एकाच जागी लांबी उकरून खाली पडलेली, आणि रंगात चार बोटांनी ओरखडल्यासारख्या रेघा.

बायकोला विचारलं, "सुमन, तू हात लावला का इथं?"

"अवो, मी कायले लावू? मले तं खाली वाकताही येत नाही." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमचा चेहरा असा काहून झाला? काही लपवून राहिले का?"

मी परत गाडीखाली शिरलो. घूस असेल, अशी मनाची समजूत घातली. पुन्हा लांबी, पुन्हा रंग. फाटकाला कडी घातली, समोर कडुनिंबाखाली खाट टाकली आणि गाडीवरून नजर हलवली नाही. कुणी आलं नाही. साधी कोंबडीसुद्धा नाही.

तीनच्या सुमारास खाली डोकावलो. तीच जागा उघडी. रेघा अजून ओल्या.

या वेळी नीट पाहिलं. त्या वरून खाली आल्या होत्या — चेसिस आणि फळीच्या मधल्या फटीतून. त्या फटीत माझं एक बोटही जात नव्हतं. आणि रेघा बारीक, अगदी जवळजवळ... सहा-सात वर्षांच्या लेकराच्या हाताच्या. आमच्या घरी लेकरू नव्हतं.

 तरीही मी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

तेवढ्यात फाटक वाजलं. केवळराम आला होता, सोबत त्याची लहानगी पोरगी. मी कडी काढली तशी ती धावत जाऊन गाडीत चढली आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात, बरोबर त्या जागेच्या वर, मांडी घालून बसली.

"बाबा, मी इथंच बसीन!"

माझ्या हातातला ब्रश गळून पडला.

"भाऊ, गाडी देत नाही मी," मी म्हणालो.

"काहून? परवा तं हो म्हटलं तुमी!"

"चेसिस सडून गेली. मी रंग मारून झाकत होतो."

 त्यानं पोरीला उचलून खाली घेतलं.

"पोरीले घेऊन फिरलो असतो ना जी मी यात..." एवढंच बोलला. सुमननं आणलेलं पाणीही न घेता निघून गेला.

गाडी मी भंगारात दिली. तोडायला घेतली तेव्हा कापायच्या आधीच चेसिस त्या जागी दुभंगली.

मिठामुळे लोखंडानं रंग धरला नसेल, असं एक जुना मिस्त्री म्हणाला. असेल. पण मीठ रेघा ओढत नाही, आणि चार तर नाहीच. त्या पोरीचा हात रेघांशी जुळतो का, हे मी पाहिलं नाही, मुद्दामच पाहिलं नाही.

कुणाची बोटं होती, मला आजही माहीत नाही. पण झोप उडते ती त्यानं नाही. सगळं डोळ्यांनी पाहूनही मी तिसऱ्यांदा ब्रश उचलला होता... केवळराम दहा मिनिटं उशिरा आला असता, तर मी काय केलं असतं?