कडू पाणी सोडा

मिठागरात मीठ काढणारे पुष्कळ होते. मीठ निघाल्यावर जे उरतं ते सांभाळणारा माणूस एकच. त्याला सगळे कडूमामा म्हणत. समुद्राचं पाणी वाफ्यावाफ्यातून फिरत आटतं, मीठ तळाशी बसतं आणि वर दाट, पिवळसर, तेलासारखं बुळबुळीत पाणी राहतं. जिभेला लागलं तर जेवणाची चव घालवणारं. ते शेवटच्या तळ्यात जमवायचं आणि हंगाम संपला की ओहोटी बघून समुद्रात सोडायचं, हे मामांचं काम. लग्न झालं तेव्हाही ते हेच करत होते.

"लोकांचे नवरे मीठ काढतात, आमचे ते उरलेलं फेकतात," मामी म्हणायच्या.

यंदा मालकांनी ते तळं बुजवून गोदाम बांधायचं काढलं. तळं गेलं की मामाही घरी. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या नव्या कारखान्यातली केमिस्टबाई बाटली घेऊन तळ्यावर आली.

"मामा, यात ब्रोमीन आहे."

"माझ्या तळ्यात? कुणी टाकलं?"

"समुद्रातलंच आहे. पण तिथे टनभर पाण्यात जेमतेम चार चमचे. तुम्ही पाणी आटवून मीठ काढता, हे मात्र बहुतेक सगळं मागे राहतं, म्हणून इथे दाट सापडतं."

"मग दिसत कसं नाही?"

"मोकळं कुठेच नसतं ते. समुद्र, खारी सरोवरं, जमिनीखालचं खारं पाणी, समुद्री शेवाळ... जिथे असेल तिथे कुणाला तरी धरूनच राहतं."

"घरजावयासारखं," मामा म्हणाले.

बाईने हसत बाटलीत क्लोरीनचं पाणी ओतलं. आतलं पाणी पिवळं झालं, मग तांबूस. वास असा आला की मामा नाकाला रुमाल लावून मागे सरले. इतकी वर्षं आपण हे परत समुद्रात ओतत होतो, याचं त्यांना वाईट वाटलं नाही. फक्त नवल वाटलं.

मालकांनी गोदामाचं काम थोडं पुढे ढकललं. कारखान्याने या पाण्यावर चाचणी घ्यायची आणि ती जमली तर तळं राहील, असं ठरलं. कारखान्याचा टँकर आला, भरून गेला. चाचणी म्हणजे तेवढंच, असं मामांनी धरलं. बाईच्या लेखी ती नुसती तयारी होती. खरी चाचणी तळ्यापासून कारखान्यापर्यंत खणलेल्या नव्या चरातून येणाऱ्या पाण्यावर व्हायची होती. हे मामांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

हंगामाच्या शेवटी बाईचा फोन आला. "मामा, उद्या सकाळी कडू पाणी सोडा."

"सोडतो की."

सकाळी ओहोटी लागली तशी मामांनी नेहमीसारखं समुद्राकडचं दार उचललं आणि बांधावर बसून पाणी जाताना पाहत राहिले. बऱ्याच वेळाने पुन्हा फोन वाजला.

"मामा, सोडलंत ना? इथे चरात थेंब नाही."

"सोडलं की. निम्म्याहून जास्त गेलंसुद्धा."

"गेलं? कुठे?"

"कुठे म्हणजे? समुद्रात!"

"अहो, खरी चाचणी याच पाण्यावर आहे!" मामांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी धावत जाऊन दार पाडलं, फटीत चिखल दाबला. डबा घेऊन आलेल्या मामींनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "चांगलं केलंत. नोकरीवरच पाणी सोडलंत!"

बाई आली, तिच्यामागून मालक. तिने काचनळी तळ्यात बुडवून दाटपणा पाहिला. "पाणी उत्तम आहे. फक्त चाचणी छोटी होईल."

"पण उघडायला सांगितलं कुणी?" मालकांनी विचारलं.

"मी," बाई म्हणाली. "मी 'सोडा' म्हटलं. 'चरात सोडा' म्हणायला हवं होतं."

"मीही विचारायला हवं होतं," मामा म्हणाले. "पण आमच्याकडे सोडा म्हणजे समुद्रातच."

उरलेलं पाणी चरातून गेलं. संध्याकाळी बाईने कारखान्यातून कळवलं: ब्रोमीन निघालं, अंदाज केला होता त्याहून थोडं कमी, पण परवडेल इतकं. मालकांनी गोदामाची जागा मागच्या आवारात हलवली.

"आणि मी?" मामांनी विचारलं.

"म्हणजे? तळं काय आपलं आपण भरणार आहे?"

मामांनी मान हलवली आणि फटीतला चिखल नीट लिंपायला फावडं उचललं.