चूर्णातली गोळी

पहिला फोन भाऊजींचाच होता. वाशीमला शाळेची मधली सुट्टी नुकतीच संपली होती, मी फळ्यावर गणित लिहीत होते. "कायजी करू नोको," ते म्हणाले, "तुह्या आक्काच्या छातीत जरा जळजळ होऊन राह्यली. अर्जुनाच्या सालीचा काढा देल्ला. आता बरं वाटते म्हणते." मी वर्गाच्या दारातूनच ओरडले, "काढा कसला देता भाऊजी, आधी गाडी पाहा गाडी!" एवढ्या जोरात, की पोरं चिडीचूप झाली. तरी गाडी निघायला तास गेला. आक्काचं रिठद ते वाशीम असं अंतर ते किती! पण त्या दिवशी मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे पाहत होते, आणि येणारी प्रत्येक गाडी दुसऱ्याच कोणाची निघत होती. शेवटी आमची आली. आक्काचं डोकं भाऊजींच्या मांडीवर होतं. डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं, आणि नुसती मान हलवली. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण ते लपवून आक्काबद्दल लिहिताच येणार नाही. सख्खी बहीण समोर निपचित पडलेली, आणि मला वाटलं... आता भाऊजींच्या चमच्यात गोळी कोण घालणार?

गावासाठी ती शेवंताबाई, माझ्यासाठी आक्का. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. माय मजुरीला गेली की मला कडेवर घेऊन गावभर फिरायची, आणि स्वतःची शाळा बुडवून मला शाळेत सोडायची. पण भित्री अशी, की विचारू नका! वीज कडाडली की पलंगाखाली. शेतात जाताना काठी आपटत आपटत, साप असो की नसो. गाडीनं दुसऱ्या गाडीला मागे टाकलं की हिचे डोळे घट्ट मिटलेले. आणि नशीब पाहा, लग्न लागलं ते एसटीच्या ड्रायव्हरशी. मी चिडवायची, "आक्का, नवऱ्याच्या गाडीत तरी डोळे उघडे ठेव व." ती म्हणायची, "त्याच्याच गाडीत त जास्त भेव लागते. उतरता येत नाई ना."

भाऊजींचा स्वभाव नेमका उलटा. स्टेअरिंग हातात असलं की सगळं आपल्या हातात, असं मानणारा माणूस. रिटायर झाल्यावर अंगठ्याची साधी जखम भरून येईना, म्हणून आक्कानं बळंच रिसोडला डॉक्टरकडे नेलं, तर साखर निघाली. दोन वेळची गोळी, पथ्य, रोजचं चालणं. घरी येताच त्यांनी गोळ्यांची पाकिटं उकिरड्यावर भिरकावली. यामागे कारण होतं, आणि ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांचे मोठे भाऊ साखरेचे पेशंट, वर्षानुवर्षं गोळ्या खाल्ल्या आणि शेवटी किडनी निकामी होऊन गेले. खरं तर त्यांनी पथ्य कधीच पाळलं नव्हतं, गोळीही आठवली तर घेत, पण भाऊजींच्या डोक्यात एकच पक्कं बसलेलं. "गोयाईनं किडनी खाल्ली माह्या भावाची. इंजिनात भलतं तेल ओतलं त इंजिन बसनच ना!" मोठ्या आवाजात बोलायचे, पण तो आवाज घाबरलेल्या माणसाचा होता, हे मला फार उशिरा कळलं.

मग सुरू झालं चूर्ण. मेथ्या, जांभळाच्या वाळवलेल्या बिया, कारल्याचे सुकवलेले काप, गुळवेल, असं सगळं आणून, निवडून, दळून भाऊजींनी बरणी भरली. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा. सोबत ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, भात बंद, चहा बिनसाखरेचा, आणि पहाटे गावाबाहेरच्या पुलापर्यंत पायी. यात वाईट काहीच नव्हतं. डॉक्टरही म्हणत, भाकर सोडू नका, चालणं सोडू नका. पण साखर तेवढ्यानं उतरेना. पुढच्या तपासणीत आकडा वाढलेलाच निघाला. भाऊजी म्हणाले, "चूर्ण मुरू दे, टाइम लागते." आक्कानं डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून गुपचूप नवी पाकिटं आणली. भाऊजी पुलाकडे गेले की ती पोळपाटावर गोळी ठेवायची, पेल्याच्या बुडानं दाबून पीठ करायची, आणि ते आले की चूर्णाच्या चमच्यात मिसळून त्यांच्या हातात द्यायची. वर कोमट पाणी. चार वर्षं!

मला हे कळलं ते पावसाळ्यात, वर्षावासातल्या एका पौर्णिमेला. मी रिठदला गेले होते. भाऊजींनी विहारात अष्टशील घेतलेलं, म्हणजे दुपारी बारानंतर जेवण नाही. अशा दिवशी आक्का संध्याकाळची गोळी गाळायची. पण त्या दिवशी भाऊजी सकाळचा चमचा घेऊन, विहारातच जेवतो म्हणून निघाले, उत्साहाच्या भरात तिथे सकाळचं जेवणही टाळलं, आणि तिला सांगितलंच नाही. दिवेलागणीला ग्रंथवाचन चाललेलं असताना ते बसल्या जागी डुलू लागले. सदरा घामानं ओलाचिंब, डोळे कुठेतरी भलतीकडे. बाया म्हणाल्या, ध्यान लागलं. आक्का मात्र उठली ती बायाबाप्ये ओलांडत धावली, पदराच्या गाठीतला गूळ काढून त्यांच्या दातांत कोंबला, आणि "गिया, बाप्पा, गिया" म्हणत तो गिळेपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. थोड्या वेळानं ते भानावर आले आणि सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसले, "शील मोडलं माहं! साखर हाये मले न् तू गोड चारून राह्यली?" तिनं उरलेला गूळ पुन्हा गाठीत बांधला. घरी आल्यावर परसात भांडी घासताना मी विचारलं, तुझ्या पदरात गूळ कसा? तेव्हा तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मीच देतो त्याईले गोयी," ती म्हणाली. "चूर्णात. कोणाले सांगजो नोको."

मी भांडले तिच्याशी. अगं, चोरून औषध देतेस, त्यांनी जेवण टाळलं तर? दुसऱ्या कोणी वेगळं औषध दिलं तर? आज विहारात जीव गेला असता त्यांचा! ती म्हणाली, "मले माहीत नाई का? मी रोज भेतो. त्याईनं चमचा तोंडात घातला का मी जेवणाचं ताट पुढे सरकवतो, न् संपलं का मंग श्वास घेतो. पण सांगतलं त ते गोयीही सोडतीन न् माह्या हातचं खाणंही. मंग?" दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. ते आम्हा दोघींवर चांगलेच तापले. हा जिवाशी खेळ आहे, त्यांना सांगा, आजच सांगा, म्हणाले, आणि गोळीची मात्रा कमी करून दिली. आम्ही मान हलवली. बाहेर आलो, बसस्टँडवर चहा प्यालो, आणि सांगितलं नाही. ना त्या दिवशी, ना पुढे कधी. या पापात मी तिच्या बरोबरीची वाटेकरी आहे.

इकडे भाऊजींच्या तपासण्या चांगल्या येत गेल्या आणि चूर्णाचं नाव झालं. केनवडच्या बाजारात लोक त्यांना थांबवून विचारायचे. ते कुणाकडून पैसा घेत नसत, हौसेनं पुड्या वाटायचे, आणि वर सांगायचे, "गोया सोडा, माह्याकडे पाहा." त्यांच्या पुड्यांत गोळी नव्हती, नुसतं चूर्ण होतं. पाहुणे गेले की आक्का मागून धावत जाऊन फाटकाशी हळूच म्हणायची, "चूर्ण खा, पण गोया बंद करू नोका हो." कुणी ऐकलं, कुणी हसलं. ड्रायव्हरसाहेबांची बायकोच त्यांच्या औषधावर विश्वास ठेवत नाही, अशी गंमत झाली गावात. तिला स्वतःला ब्लडप्रेशर होतं, ती आपली गोळी उघड घ्यायची, आणि भाऊजी रोज टोमणा मारायचे, "पाह्य, मी बिनगोयीचा टणटण. अन् तू?" तिनंच लपूनछपून त्यांचं म्हणणं खरं करून दाखवलं होतं. म्हणून त्या दुपारी छातीत दुखायला लागल्यावर भाऊजींनी काढा पुढे केला, तेव्हा तिनं तो घेतला. बस म्हटलं, बसली. वाट पाहू म्हटलं, वाट पाहिली.

आक्काच्या जलदान विधीच्या दिवशी माणसं जमलेली होती. भाऊजी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली. एकाएकी म्हणाले, "गोया खाऊन गेली ते. म्या काय सांगत होतो?" आजूबाजूच्या दोघा-तिघांनी मान डोलावली... आणि मी उठून न्हाणीघरात गेले, दार लावून घेतलं. रडणार होते, पण मोरीकडे लक्ष गेलं. मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागली होती. साखर लघवीतून जायला लागली की मुंग्या येतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

त्यानंतर दर रविवारी मी रिठदला गेले, आज सांगायचंच असं ठरवून, आणि दर रविवारी न सांगता परत आले. भाऊजी तांब्यावर तांब्या पाणी पीत होते. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. पायाला मुंग्या येतात म्हणायचे, आणि चूर्णाचा चमचा वाढवून दोन केला होता. मला कशाची भीती वाटत होती, सांगू? ते रागावतील याची नाही. गोळीचं खरं सांगितलं की काढ्याचंही आपोआप सांगून होणार होतं. चूर्णानं तुम्हाला वाचवलं नाही, हे ज्याला कळेल, त्याला हेही कळेल की त्या दुपारी काढ्याच्या भरवशावर त्यानं तास घालवला. एकीकडे त्यांचा जीव, दुसरीकडे हे. मी वाशीमला परतताना बसमध्ये स्वतःला शिव्या द्यायची. अन् तरी पुढचा रविवार तसाच.

चौथ्या रविवारी गेले, तर ते दिवसाढवळ्या गुंगल्यासारखे पडलेले. हाक मारली तर ओ द्यायला वेळ लागला. आता मात्र माझं भान सुटलं. उठवून बसवलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. पोळपाट, पेला, चमचा, विहार, सगळं. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "खोटं बोलून राह्यली तू. मेलेल्या बाईवर कायले आळ घेतं?"

पुरावा कुठून आणू? मी वेड्यासारखी घर धुंडाळायला लागले. रिकामी पाकिटं ती उकिरड्यावर टाकणार नाही, तिथे भाऊजींची नजर पडली असती. डबे पाहिले, फडताळ पाहिलं. शेवटी गोधड्यांच्या चवडीत, सगळ्यात खालच्या गोधडीच्या घडीत एक कापडी पिशवी लागली. भाऊजींसमोर उलटी केली. चार वर्षांची रिकामी पाकिटं खळखळत जमिनीवर पसरली, आणि त्यांत एक अर्धं भरलेलं. भाऊजी एकेक उचलून डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते.

"येवढ्या गोया खाल्ल्या म्या?"

"हो भाऊजी."

"अन् किडनी?"

"चांगली आहे. दर तपासणीत चांगली निघाली."

ते पुन्हा एकेक पाकीट उचलू लागले. मी मनातल्या मनात म्हणत होते, पुढचं नका विचारू, भाऊजी, पुढचं नका विचारू. पण त्यांचा हात थांबला. "मंग काढ्यानं काय झालं अशीन?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "म्या तिले बसवून ठेवलं... घंटाभर बसवून ठेवलं." मला सांगायचं होतं की लवकर आणलं असतं तरी कुणी हमी दिली नसती, डॉक्टर तसं म्हणाले होते. पण मी नुसती पाकिटं गोळा करत राहिले, आणि त्या ढिगात मला कॅलेंडरच्या कागदाची एक छोटी पुडी सापडली. उघडली तर आत पांढरं पीठ. आधी मला उमगलंच नाही. ती कधी आधीपासून कुटून ठेवत नसे, चमच्याच्या वेळेलाच कुटायची. मग लक्षात आलं. कॅलेंडरचं ते पान ती गेली त्याच महिन्याचं होतं. छातीत दुखत असताना, भाऊजी चुलीवर काढा उकळत होते तेव्हा, आक्कानं संध्याकाळची गोळी कुटून ठेवली होती... संध्याकाळपर्यंत आपल्याला उठता येईल न येईल म्हणून.

भाऊजींनी पुडी माझ्या हातातून घेतली. पीठ सांडू न देता पुन्हा घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि तळहात माझ्यापुढे पसरला.

"आजची दे," म्हणाले.

मी दिली नाही. आधी डॉक्टर, मग गोळी. त्याच पावली वाशीमला नेलं, चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. आता ते बरे आहेत, गोळी उघड घेतात, भाकर आणि चालणंही चालू आहे. ज्यांना ज्यांना पुड्या दिल्या, त्यांच्या दारी जाऊन गोळ्या सुरू करा म्हणून सांगतात, आणि हे सगळं पेपरात दे, असं त्यांनीच मला बजावलं. माझी भीती काही गेलेली नाही, रोज संध्याकाळी फोन करून विचारते, जेवलात का, गोळी घेतली का. मागच्या रविवारी ते धुणं भिजवत होते. सदरा पाण्यात टाकायच्या आधी त्यांनी खिशातली पुडी काढली, अंगावरच्या धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि वरून हात दाबून पाहिला.